कावीळवाल्यांच्या घरात

"आक्का, तुमचंच डोळं पिवळं दिसाय लागल्यात की."

रांगेतल्या बाईनं हे अगदी सहज म्हटलं. आईनं तिची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला होता आणि बोटानं खालची पापणी ओढून ती आत बघत होती. दोघींच्या चेहऱ्यांत वीतभराचंच अंतर होतं. बघणाऱ्याचे डोळेही कुणी बघेल, हे आमच्या अंगणात तोवर कधी झालं नव्हतं.

आई हसली. "उन्हानं दिसत असतील," म्हणाली आणि वाटी तिच्या हातात दिली. "एका दमात पी. तोंड वाकडं करायचं नाही."

बाई प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि मागं न बघता निघून गेली. आई पुढच्या माणसाकडे वळली. मी ओट्यावर वाट्या धूत होते. कोल्हापूरहून शनिवारी आले की रविवारी सकाळी हे काम माझ्याकडे असायचं. मी मान वर करून आईकडे पाहिलं. ऊन तर तिच्या पाठीवर होतं.

आमचं आडनाव चौगुले, पण आसपासच्या गावांत आम्हाला त्या नावानं कुणी विचारायचं नाही. एस्टीतून उतरलेला माणूस "कावीळवाल्यांचं घर कुठं?" असं विचारायचा आणि पोरंसुद्धा हात करून दाखवायची. हे औषध आजीच्या सासूपासून चालत आलं होतं. पहाटे भुईआवळीचे शेंडे खुडायचे, मुळाला हात लावायचा नाही. पाट्यावर वाटून ताज्या ताकात कालवायचे आणि रविवारी अनशापोटी द्यायचे, असे तीन रविवार. तेल, तिखट, हळद बंद, शेतात जायचं नाही, निजून राहायचं. घरात जिनधर्म असल्यामुळं हे औषधदान होतं, त्याचा पैसा घ्यायचा नाही हे सांगावंसुद्धा लागत नसे.

याशिवाय काही नेम होते. दारी आलेल्याला परत लावायचं नाही. देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं स्वतः घ्यायचं नाही. आणि औषध घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत, बरं वाटल्यावर सांगायलाही यायचं नाही. आला तर औषधाचा गुण जातो. त्यामुळं तीन रविवार झाले की माणूस आमच्या अंगणातून कायमचा नाहीसा व्हायचा. माझ्या लहानपणी मी आईला विचारलं होतं, "मग तो बरा झाला हे तुला कसं कळतं?" आई म्हणाली होती, "आला नाही म्हणजे झाला."

त्या रविवारी रांग संपल्यावर मी तिला मागच्या दारी नेलं आणि ती लोकांची ओढायची तशी तिची पापणी ओढली. आत हळदीच्या गाठीसारखं पिवळं होतं.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले असतील."

"आणि पोटात?"

"उजवीकडं दुखतं. जेवल्यावर." मग जरा थांबून, "अंगाला खाज फार सुटते गं."

कुसुमकाकू पाट्याजवळ उरलेला पाला निवडत होती. ही आईची धाकटी जाऊ. काका गेल्यापासून आमच्यातच असायची. तिनं हात झटकले आणि उठली.

"त्यात काय एवढं? घरात औषध, आणि घरातच कावीळ राहील होय? या आक्का, बसा पाटावर. तुम्हाला सोताच्या हातानं चालत नाही, मी देते."

"काकू, आधी तपासून घेऊ," मी म्हणाले.

"तपासायचं काय? डोळं दिसत्यात की. तू शिकलीस म्हणून तुझ्या डोळ्याला वेगळं दिसतंय का?"

आई पाटावर बसली. आजवर त्या पाटावर दुसऱ्यांना बसवणारी आई काकूसमोर मान वर करून बसली, वाटी घेतली, एका दमात प्यायली. तोंड वाकडं केलं नाही. मी सोमवारी पहाटेच्या गाडीनं कोल्हापूरला परत गेले.

मंगळवारी मी शिकवते त्या शाळेत अभिनंदनचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, गावात खताचं दुकान चालवतो, आणि सहसा घाबरत नाही. "ताई, आईला हुडहुडी भरून ताप आलाय. दात वाजतायत तिचे. काकू म्हणतेय, औषध आत लढतंय म्हणून असं होतंय."

"गाडीत घाल आणि मिरजेला निघ," मी म्हणाले. "मी तिकडेच येते."

मिरजेच्या हॉस्पिटलात आईला सलाईन लागलं, रक्त गेलं, सोनोग्राफी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी एक मोठी तपासणी झाली, ज्यात तिला एका बोगद्यासारख्या यंत्रात निजवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आत कुणीतरी घण घालतंय असं वाटत होतं." मग डॉक्टर इनामदार आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे. स्टूल ओढून खाटेशी बसले आणि पहिला प्रश्न त्यांनी थेट आईलाच विचारला.

"मावशी, संडास कसल्या रंगाची होते?"

आईनं अभिनंदनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"सांगा की. लाजू नका."

"पांढरट," आई पुटपुटली. "खडूसारखी."

"आणि लघवी चहासारखी?"

"हो."

डॉक्टरांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र मागून घेतलं आणि त्याच्या कोऱ्या कडेला पेननं आकृती काढली. "हे यकृत. इथं पित्त तयार होतं. ही पिशवी, पित्ताशय, तिथं ते साठतं. आणि ही नळी, इथून ते आतड्यात उतरतं. तुमच्या पिशवीत खडे आहेत. त्यातला एक घसरून ह्या नळीत येऊन बसलाय. चांगला मोठा आहे."

"म्हणजे पाण्याच्या पाटात दगड अडकला," आई म्हणाली.

"अगदी तसंच. खालच्या रानात पाणी जात नाही म्हणून संडास पांढरी. मागं तुंबलं म्हणून अंग पिवळं. आणि तुंबलेल्या पाण्यात घाण झाली म्हणून थंडी-ताप. तो ताप मला आवडलेला नाही."

"मग करायचं काय?" अभिनंदननं विचारलं. "डॉक्टर, एकदाच काय ते पोट उघडून साफ करून टाका. दोन-दोनदा नको."

"तोही मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. "पूर्वी तोच एक होता. पोटावर मोठा छेद घ्यायचा, नळी उघडायची, खडा काढायचा, पिशवी काढायची आणि नळीत एक रबरी नळी ठेवून ती काही दिवस पोटाबाहेर ठेवायची. आजही काही जणांना करावं लागतं. पण ह्या तापात मी मावशींचं पोट उघडणार नाही."

"दुसरा?" मी विचारलं.

"दुर्बिणीनं, पोटाला चार छोटी भोकं पाडून. पिशवी आणि नळी एकाच वेळी. चांगला मार्ग आहे, सरावलेला हात लागतो. तोही ताप उतरल्याशिवाय नाही. तिसरा, तोंडातून. घशातून दुर्बीण पोटातून खाली आतड्यापर्यंत न्यायची. नळीचं तोंड जिथं आतड्यात उघडतं तिथं बारीक चीर द्यायची आणि जाळी किंवा फुगा घालून खडा ओढून घ्यायचा. पोटावर काही नाही. पण त्यातही धोका आहे, तो सांगतो. शेजारी स्वादुपिंड असतं, ते सुजू शकतं. चिरेतून रक्त जाऊ शकतं. बहुतेकांना होत नाही, काहींना होतं. आणि पिशवी राहतेच, ती नंतर काढावी लागते. नाहीतर दुसरा खडा घसरतो."

"विरघळवायची गोळी नसते?" आईनं विचारलं. इतक्या वेळात तिनं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"असते. पिशवीतल्या काही बारीक खड्यांसाठी, महिनोन् महिने घ्यावी लागते, आणि पुष्कळदा उपयोग होत नाही. नळीत अडकलेल्यासाठी तेवढा वेळ नसतो, मावशी."

आई त्या वर्तमानपत्राच्या कडेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी काविळीचं औषध देते. रविवारी. ताकातनं."

अभिनंदन चुळबुळला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "ऐकलंय. मिरजेत तुमच्या घराचं नाव ठाऊक नाही असा डॉक्टर नसेल."

"त्यानं हा खडा हलेल?"

"नाही."

"मग इतक्या लोकांची कावीळ उतरते ती?"

"पाण्यातून, खाण्यातून यकृताला सूज येते, ती बहुतेकांची आपोआप उतरते. काही आठवडे लागतात. तुम्ही त्यांना निजून राहायला सांगता, तेलकट बंद करता. ते वाईट नाही. माझं सांगून ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

"आणि खडेवाले?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. "वेळेवर आले तर बरे होतात."

"आणि नाही आले तर?"

"आतला पू रक्तात पसरतो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

आईनं मान डोलावली. मग कागदावरच्या त्या नळीवरून ती बोट फिरवत राहिली. मला वाटलं, ती घाबरलीय. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती काहीतरी आठवत होती. कुणाला तरी आठवत होती, हे मला नंतर कळलं.

"तोंडातनं करा," अखेर ती म्हणाली. "उपाशी राहायचं असेल ना? मला निर्जळीची सवय आहे."

पण पहिल्या खेपेला खडा निघाला नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी आधीच ते सांगितलं. खडा फार मोठा, आत पू, अशा वेळी झटापट करणं बरं नाही. त्यांनी खड्याच्या कडेनं एक बारीक प्लास्टिकची नळी सरकवून ठेवली होती, म्हणजे तुंबलेलं वाहून जाईल. "पाट फोडून बाजूनं पाणी काढलंय असं समजा. दगड तिथंच आहे. ताप उतरू दे, अंगात ताकद येऊ दे. मग परत आत जायचं, खडा आतल्या आत फोडायचा आणि काढायचा. ही नळी काही दिवसांचीच. ती राहिली की तीच तुंबते, आणि मग आजच्यापेक्षा वाईट." त्यांनी पुढची तारीख दिली, तिसऱ्या आठवड्यातला सोमवार.

नळीनं काम केलं. दोन दिवसांत ताप गेला, खाज गेली. डोळे हळूहळू निवळायला लागले. दुसऱ्या रविवारी काकू स्टीलच्या डब्यातून ताक घेऊन मिरजेला आली, वॉर्डमध्ये, पडद्याआड. आई तेव्हा नुकती मऊ भाताची पेज प्यायली होती.

"नको कुसुम. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

"असं अर्धवट सोडायचं नसतं आक्का. बघा की तुमचे डोळे! एका रविवारात एवढा उतार कुणाला पडलाय?"

"त्यांनी नळी घातलीय."

"नळी घातल्यावर मग खडा का काढला नाही म्हणते मी? त्यांना जमलं तेवढं त्यांनी केलं. आपण आपलं केलं."

आईनं डबा घेतला, उघडला नाही, उशाशी ठेवला. काकू गेल्यावर मला म्हणाली, "ओतून दे. तिला सांगू नकोस."

आईला घरी सोडलं तोवर गावात सगळं ठरून गेलं होतं. आक्कांच्या पोटात मिरजेच्या डॉक्टरांचा हात चालला नाही, शेवटी घरच्याच औषधानं उतरलं. दुधाच्या डेअरीवर, पिठाच्या गिरणीवर हीच गोष्ट. आईला भेटायला आलेल्या बायका तिच्या डोळ्यांत डोकावून बघायच्या आणि माना डोलवायच्या. काकू चहा देताना तेवढी दुरुस्ती करायची. "सोता नाही हं, सोताच्या हातानं चालत नाही. माझ्या हातनं."

मी रजा वाढवून राहिले होते. सोमवारच्या तारखेची आठवण करून दिली तर अभिनंदन म्हणाला, "ताई, ती चांगली हिंडतेय, जेवतेय. जरा दम खाऊ दे. पुढच्या महिन्यात बघू. आणि आत्ता लगेच परत गेलो तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"की मग औषधानं काय झालं? काकूचं तरी बघ. आजीपासूनचं नाव आहे."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? ती नळी तुंबली तर?"

"पुढच्या महिन्यात म्हणतोय मी, नाही म्हणत नाही."

आई माजघरात बसून शेंगा फोडत होती. सगळं ऐकू जात होतं. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. रात्री मी तिला विचारलं, "तुझं काय आहे?" ती म्हणाली, "रविवार होऊ दे." तिच्या मनात काय होतं याचा मला पत्ता नव्हता. भीती मात्र एकच होती, की गावाच्या कौतुकाचं ती ऐकेल. तिच्या जागी कुणीही ऐकलं असतं.

रविवारी अंगणात कधी नव्हती इतकी माणसं आली. नदीपलीकडून एक टेंपो भरून आला होता. काकूनं पाट अंगणाच्या मधोमध मांडला, आईच्या खांद्यावर शाल घातली. लोक आईला बघायलाच आले होते, काहींना तर कावीळही नव्हती. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "सोताची सोता उतरवली बया!" आणि लोक हसले. आईनंही हसल्यासारखं केलं.

पहिल्या काही जणांना तिनं नेहमीसारखंच बघितलं आणि औषध दिलं. मग एक बाई पुढं आली, चाळिशीची, सोबत तिचा मोठा मुलगा. हौसाबाई नाव, नदीपलीकडची. डोळे गर्द पिवळे. ती पाटावर बसली आणि बसल्या बसल्या हात खाजवायला लागली. दोन्ही दंडांवर नखांचे लाल ओरखडे होते.

आईनं पापणी ओढण्यासाठी उचललेला हात खाली घेतला आणि तिचा दंड धरला.

"खाज किती दिवस?"

"लई दिस झालं आक्का. रातभर डोळा लागत न्हाई."

"उजवीकडं दुखतं? बरगडीखाली?"

"व्हय."

"परसाकडं कसल्या रंगाची होते?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. देवदर्शनाखेरीज बाहेर न पडणारी, पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आई हे भर अंगणात विचारत होती.

"आक्का!" काकू म्हणाली.

हौसाबाईनं मान खाली घालून काहीतरी सांगितलं.

"मोठ्यानं सांग. लाजायला काय झालं? मलाही डॉक्टरनं विचारलं, माझ्या पोरासमोर."

"पांढरी," हौसाबाई म्हणाली. "मातीवाणी."

"थंडी वाजून ताप?"

"परवादिशी आलता," मुलानं सांगितलं. "आज सकाळीबी हुडहुडत हुती."

आईनं हातातली वाटी परत ओट्यावर ठेवली.

"तुला माझं औषध नाही."

"असं का म्हणताय आक्का?" मुलगा पुढं सरकला. "आमी लांबनं आलोय. काय चुकलं का आमचं?"

"आक्का, दारातनं कुणाला परत लावत नाही आपण," काकू म्हणाली. आवाज खाली होता. "सासूबाईंचा नेम आहे. द्या ती वाटी, मी देते."

"तू द्यायची नाहीस कुसुम." आई उठून उभी राहिली. शाल खांद्यावरून घसरली, ती तिनं उचलली नाही. "माझी कावीळ ह्या ताकानं उतरली नाही. माझ्या पोटात प्लास्टिकची नळी घातलीय डॉक्टरांनी, तिच्यातनं पित्त वाहतंय म्हणून डोळे निवळलेत. खडा अजून आतच आहे. हिच्याही पोटात तेच असणार."

मग मघाचा म्हातारा म्हणाला, "मग आक्का, आमची उतरली ती? धा वर्सामागं मी तुमच्याकडंच आलतो."

"तुमची वेगळी होती मामा. ती उतरणारीच होती. तुम्ही पथ्य केलंत, निजून राहिलात, उतरली. तसल्यांना मी देईन. हिला दिलं तर ही तीन रविवार माझ्या तोंडाकडं बघत घरी बसेल."

"पण आजवर कुणाची तक्रार आली का आपल्याकडं?" काकू म्हणाली. "एक तरी माणूस आला का सांगायला, की उतरली नाही म्हणून?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात, जणू अंगणात त्या दोघीच आहेत अशी, म्हणाली, "बरा झालेला सांगायला येत नाही, असा आपला नेम. म्हणून जो आला नाही तो बरा झाला, असं मी धरून चालले. कुसुम, मेलेला माणूसही सांगायला येत नाही."

काकूचा हात तोंडावर गेला.

"ते वाळव्याचे मास्तर आठवतात तुला?" आई म्हणाली. "असेच खाजवत होते. दोन रविवार आले, तिसऱ्याला आले नाहीत. मला वाटलं, दोनातच गुण आला. मी कुणाकुणाला सांगितलंसुद्धा."

मिरजेच्या खाटेवर ती कुणाला आठवत होती ते मला तेव्हा कळलं.

ती वळली. "अभि, गाडी काढ."

"आई, तारीख उद्याची आहे. आणि आपलं ठरलं होतं ना, पुढच्या महिन्यात..."

"तू ठरवलं होतंस. मी शेंगा फोडत होते. गाडी काढ. हिलाही न्यायचंय. त्रिशला, माझं लुगडं आणि ते हॉस्पिटलचे कागद घे." मी आत पळाले.

हौसाबाईनं मुलाकडे पाहिलं, मुलानं माझ्या आईकडे. "आपरेशन करतील काय?"

"गाडीत सांगते," आई म्हणाली. "चल."

काकू वाट्यांच्या ओळीसमोर तशीच उभी होती. "आणि ह्या सगळ्यांचं मी काय करू?"

"विचार आणि दे. ज्याची पांढरी असेल, ज्याला खाज, दुखणं, थंडीताप असेल, त्याला मिरजेला लाव. बाकीच्यांना दे, आणि एकदा रक्त तपासून घ्या म्हणून सांग." आई पायरीवर थांबली, लोकांकडे वळली. "आणि आजपासनं ज्याला बरं वाटेल त्यानं येऊन सांगायचं. वाटणार नाही त्यानं तर आधी यायचं. गुण गेला तर जाऊ दे."

अभिनंदननं गाडी गल्लीच्या तोंडाशी वळवली. मग अंगणातून काकूचा आवाज आला, चिडका, रडवेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "हं, पुढं या. आणि आधी सांगा, परसाकडं कसल्या रंगाची?"

हौसाबाईला हसू फुटलं. मग आईला. अभिनंदनचे खांदे हलायला लागले. आई पोट धरून हसत होती आणि "हसवू नका रे, दुखतंय" म्हणत होती.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तिचा खडा दुसऱ्या खेपेला आत फोडून काढला, दोन महिन्यांनी पिशवीही काढली. तिला पुढं हृदयानं नेलं, गेल्या वैशाखात, आणि पित्ताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. समाचाराला येणारे लोक मला तिच्या गोड स्वभावाचं सांगतात, दानधर्माचं सांगतात. मी हो म्हणते. मला मात्र ती त्या दिवशीच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेली दिसते. हौसाबाईचा ओरखडलेला हात तिनं मांडीवर घेतला होता, म्हणजे तिला खाजवता येऊ नये.

"घशात कडू फवारा मारतात," ती सांगत होती. "जीभ लाकडासारखी होते. घाबरायचं नाही, ती परत येते. मग कुशीवर निजवतात, सुई देतात. पुढचं तुला कळत नाही."

"आनि उठल्यावर?"

"घसा दुखतो. पोटात जरा वात धरल्यासारखं होतं. जास्त दुखलं तर लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही. ते महत्त्वाचं. माझ्यासारखा मोठा खडा असला तर एकदा जाऊन भागत नाही, परत जावं लागतं. बारीक असला तर एकाच खेपेत निघेल तुझा."

"तुमचा मोठा हाय व्हय?"

"सुपारीएवढा म्हणाले."

"अगं बया." हौसाबाईनं आईच्या पोटाकडे पाहिलं. "तुमाला भ्या वाटत न्हाई आक्का?"

"वाटतं की."

"मग?"

"मग काय? भ्यायला घरी तरी कोण सोडतंय मला? ऐकलंस ना आमच्या कुसुमचा आवाज?"

मिरज आली. रविवार असल्यामुळं हॉस्पिटलचा पुढचा भाग रिकामा होता. टेबलामागं एक तरुण सिस्टर बसली होती. आम्हा सगळ्यांना एकदम आलेलं बघून ती उठली. मी कागद पुढं केले. अभिनंदननं आईकडे बोट दाखवलं. "ह्या पेशंट. उद्याची तारीख आहे. डॉक्टर इनामदारांच्या."

सिस्टरनं कागद चाळले. "मग उद्या सकाळी भरती करायचं ना? आज कशाला? आणि ह्या कोण?"

आईनं हौसाबाईच्या पाठीवर हात ठेवून तिला टेबलापुढं केलं आणि स्वतः एक पाऊल मागं सरकली.

"आधी हिला घ्या, सिस्टर," ती म्हणाली. "माझं वाहतंय. हिचं तुंबलंय."